मिठावर वसलेलं गाव आणि आमची गाडी

गेल्या मार्चमधली गोष्ट. बर्फ वितळून ड्राइव्हवेवर सगळीकडे पाणीच पाणी झालं होतं. धाकटीने शाळेतून आल्यावर नेहमीप्रमाणे मिनीव्हॅनचं सरकतं दार धाडकन लावलं आणि दाराच्या खालून काहीतरी टपकन पडलं. तिने ते उचलून माझ्या हातावर ठेवलं.

"आई, आपल्या गाडीचं पान गळलं!"

तळहाताएवढा तपकिरी पापुद्रा होता. बोटाने दाबला तर डब्याच्या तळाशी उरलेल्या चकलीसारखा त्याचा चुरा झाला. खाली वाकून पाहिलं, तर दाराखालचा जो लांब पट्टा असतो, घराच्या उंबरठ्यासारखा, त्याला चांगलं दोन बोटं जाईल एवढं भोक पडलं होतं.

मिशिगनमध्ये राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना गंज काही नवा नाही. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दहा जुन्या गाड्यांपैकी चार-पाचांच्या चाकावरची कमान कुरतडलेली असतेच. पण दुसऱ्याच्या गाडीचा गंज आणि आपल्या गाडीचा गंज यात फरक असतो. थोरलीला हॉस्पिटलमधून घरी आणली ती याच गाडीतून. मी इथे आले तेव्हा व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. दूध संपलं तर नवरा येईपर्यंत वाट बघायची. ही मिनीव्हॅन आम्ही जुनीच घेतली, तिच्यावरच मी शिकले आणि ज्या दिवशी एकटी किराणा घेऊन आले, त्या दिवशी गावाकडे फोन करून ती बातमी दिली होती. मुलींचं बालवर्ग, मंडळाच्या नाटकाचं नेपथ्य, गणपतीच्या प्रसादाची पातेली, सगळं हिने वाहिलं. पावणेदोन लाख मैल झाले होते. तिची काही तक्रार नव्हती. इंजिन अजून शिलाई मशीनसारखं चालत होतं.

ओळखीच्या एका मेकॅनिककडे घेऊन गेले. त्याने गाडी वर उचलली, दिव्याच्या उजेडात मला खाली बोलावलं आणि पेचकसाने एकेक जागा दाखवत गेला. उंबरठे दोन्ही बाजूंनी गेलेले. मागच्या चाकांच्या कमानी गेलेल्या. हे दिसायला वाईट, पण त्याने लगेच काही होणार नाही, असं तो म्हणाला. मग त्याने ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्या दाखवल्या. त्यांवर खपली धरली होती. आणि शेवटी मागची चाकं ज्या सांगाड्याला धरून असतात तो. तिथे त्याने पेचकस टेकवला आणि जरा जोर दिला, तर टोक आत गेलं.

दुरुस्तीचा अंदाज साडेतीन हजार डॉलर. गाडीची किंमत दीड हजार. "हे करून घ्यायलाच हवं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "या राज्यात दरवर्षी गाडी तपासून घ्यायचा कायदा नाही. तुम्हाला कुणी अडवणार नाही. तुमचं तुम्हीच ठरवायचं." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

खरं सांगायचं तर यात आमच्या चुका होत्याच. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात गाडीच्या खालून जाड काळा रबरी लेप मारून घेतला होता. लेप मारणाऱ्याने खालचा गंज घासलाच नव्हता. वरून सगळं काळंभोर, नवं दिसत होतं. आत मात्र खारं पाणी कोंडून राहिलं आणि लेपाखाली गंज सुखाने वाढला. दुसरी चूक लाडाची. गाडीला थंडी वाजू नये म्हणून आम्ही ती रोज उबदार गराजमध्ये ठेवत होतो. बाहेर कडक थंडीत गंज सावकाश चढतो. गराजच्या उबेत खाली चिकटलेला मिठाचा बर्फ वितळतो, ते पाणी प्रत्येक सांध्यात शिरतं आणि रात्रभर काम करतं. तिसरी चूक माझी. हिवाळ्यात गाडी धुणं मला उधळपट्टी वाटायची. उद्या पुन्हा मळणारच की!

रत्नागिरीला शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवायचे, पण विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे हा प्रयोग आपण सगळ्यांनीच केला असेल. एका नळीत पाणी आणि हवा. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा, आणि ती कोरडी राहावी म्हणून कॅल्शियम क्लोराईड. पहिला खिळा गंजतो, बाकीचे दोन तसेच राहतात. कॅल्शियम क्लोराईड ओलावा ओढून घेतं, म्हणून खिळा वाचतो, असं मी मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं. इथे आल्यावर कळलं की साधं मीठ उणे नऊ-दहा अंश सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून त्यात हेच कॅल्शियम क्लोराईड मिसळून रस्त्यावर फवारतात. ते इथेही ओलावाच ओढून घेतं, पण ते गाडीच्या पत्र्याला चिकटलेलं असतं. प्रयोगशाळेत जे खिळ्याला वाचवत होतं, तेच इथे गाडी खातं.

मे महिन्यात अण्णा आले. माझे वडील एस.टी.मध्ये मेकॅनिक होते, रत्नागिरीच्या कार्यशाळेत उभा जन्म गेला. जेटलॅग उतरायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी पहाटे, गराजमधून टकटक आवाज यायला लागला. जाऊन बघते तर अण्णा पुठ्ठा अंथरून गाडीखाली आडवे, हातात माझा स्वयंपाकघरातला बत्ता.

"अगो, आवाज ऐक," ते खालूनच म्हणाले. त्यांनी एका जागी टोकलं. ठण्ण. दुसऱ्या जागी टोकलं. थप्प. "चांगलं लोखंड बोलतं. गंजलेलं बोलत नाही." दोन्ही मुली लगेच पोटावर पालथ्या पडून ऐकायला लागल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात फ्रीजपासून मेलबॉक्सपर्यंत सगळं टोकून झालं.

"इथे गाडीचं पासिंग नसतं?" अण्णांनी विचारलं. नसतं म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढा मोठा मोटारींचा देश!"

अण्णांना गंज परका नव्हता. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी खरवडून रंगवावे लागतात. पण एस.टी.च्या जुन्या गाड्यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा असायचा, असं त्यांनी मुलींना समजावून सांगितलं. ॲल्युमिनियमसुद्धा हवेशी संयोग पावतं, पण त्याची साय घट्ट चिकटून बसते आणि आतला धातू झाकते. लोखंडाचा गंज फुगतो, पापुद्रे सोडतो, आणि प्रत्येक पापुद्रा गळला की खालचं कोरं लोखंड उघडं पडतं. म्हणून तो थांबत नाही. "आमच्याकडे त्रास चॅसीचा आणि बोल्टांचा. समुद्राची हवा तेवढंच खाते. तुमच्याकडे तर लोक स्वतः रस्त्यावर मीठ पेरतात!"

हे मीठ येतं कुठून, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आणि इथे माझा भूगोल कामाला आला. ते येतं आपल्याच पायाखालून.

सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी या भागावर उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि मिठाचे थर साचले. त्यांवर पुढे दगडमाती चढत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेट्रॉईटखाली हे मीठ सापडलं आणि १९१० साली खाणीची विहीर पुरी झाली. आज शहराच्या नैर्ऋत्य टोकाला, जमिनीखाली सुमारे बाराशे फुटांवर, दीड हजार एकरांत ही खाण पसरली आहे आणि तिच्यात शंभर मैलांहून जास्त रस्ते आहेत. खाली उतरायची वाट अरुंद, म्हणून मोठी यंत्रं आणि वाहनं सुटी करून खाली नेतात आणि तिथे पुन्हा जोडतात. अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षाला साधारण दोन कोटी टन मीठ पडतं. त्यातलं आपल्या वाट्याचं बरंच इथलंच. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच शहराच्या पोटात त्या खाणारं मीठ आहे.

जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही सगळे मिशिगन ॲव्हेन्यूने डिअरबॉर्नला निघालो. अण्णांना हेन्री फोर्ड संग्रहालय बघायचं होतं. गाडी अर्थात तीच. मेकॅनिककडून ब्रेकच्या नळ्या तेवढ्या बदलून घेतल्या होत्या, आणि अण्णांनी हायवे नको, साध्या रस्त्याने हळू जाऊ, अशी अट घातली होती. आधी खाणीच्या बाजूला गेलो. आत कुणाला सोडत नाहीत हे ठाऊक होतं. बाहेरून दिसतात ते मिठाचे ढिगारे आणि ट्रक. कडक उन्हात ते राखाडी-पांढरे ढीग बघून अण्णांना मुंबईजवळची मिठागरं आठवली. "तिथे समुद्राचं मीठ करायला ऊन लागतं. इथे समुद्रच पुरलेला आहे," ते म्हणाले.

संग्रहालयात केनेडींची गाडी आहे, वाफेची प्रचंड इंजिनं आहेत. अण्णा सगळ्यांसमोरून शांतपणे चालत गेले. थांबले ते एका बसपुढे. पिवळी, पांढरी आणि हिरवी, क्रमांक २८५७. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी याच बसमध्ये रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी आपली जागा सोडायला नकार दिला. त्यातून ३८१ दिवसांचा बहिष्कार उभा राहिला. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, रोझाबाई डेट्रॉईटला आल्या आणि २००५ मध्ये इथेच वारल्या. बससुद्धा मिशिगनचीच. १९४८ साली पॉन्टियाकला बांधलेली.

"अठ्ठेचाळीस!" अण्णांचा चेहरा उजळला. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, हे त्यांच्या लेखी स्वातंत्र्यदिनाच्या खालोखाल आहे. "म्हणजे आमच्याच वर्गातली की ही."

या बसमध्ये चढून बसता येतं. अण्णा बसले. मी मुलींना रोझाबाईंची गोष्ट सांगत होते, आणि अण्णा खिडकीच्या कडेवरून, आसनाच्या दांडीवरून हात फिरवत होते. ही बस १९७१ च्या सुमारास मोडीत निघाली आणि पुढची तीस वर्षं अलाबामातल्या एका शेतात उभी होती. लाकूडफाटा आणि अवजारं ठेवायला तिचा उपयोग व्हायचा. गंजली, काचा फुटल्या. २००१ मध्ये संग्रहालयाने ती लिलावात ४ लाख ९२ हजार डॉलरना घेतली, दुरुस्त केली आणि २००३ मध्ये लोकांसाठी मांडली. १९५५ साली होती तशी.

हे ऐकून माझ्या मनात जे आलं ते मी बोलून टाकलं. "बघा अण्णा. तीस वर्षं शेतात कुजलेली गाडी नीट होते. मग आपली का नाही?"

इथे थोडं मागे जायला हवं. जून महिन्यात अण्णांनी मागच्या कमानी स्वतः दुरुस्त केल्या होत्या. ग्राइंडरने गंज चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासला. जिथे घासणी पोचत नव्हती तिथे गंज स्थिर करणारं औषध लावलं. बाटलीवर लिहिलं होतं, टॅनिक ॲसिड. मी अर्थ सांगितल्यावर ते हसायलाच लागले. "अगो, हा तर आपला हिरडा!" हिरड्यातही टॅनिनच असतं. हिरडा आणि हिराकस यांची पूर्वी काळी शाई करत. लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की काळं पक्कं संयुग होतं. बघता बघता तपकिरी पत्रा शाईसारखा काळा झाला. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. कमानी इतक्या सुरेख झाल्या की शेजारचे आजोबा पाहायला आले. त्या कमानी पाहून मी मनाशी ठरवून टाकलं होतं की गाडी वाचली. नवराही म्हणत होता, अजून एक हिवाळा काढू, घराचे हप्ते आहेत, पुढच्या वर्षी बघू. पण त्या खालच्या सांगाड्याला अण्णांनी हात लावला नव्हता, आणि मी त्यांना त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

बसमध्ये बसल्या बसल्या अण्णा म्हणाले, "ही गाडी टिकली, कारण ही आता धावत नाही."

परतीच्या वाटेवर ते पुढे माझ्या शेजारी बसले होते. फार बोलत नव्हते. घरी आल्यावर गराजमध्येच त्यांनी मला थांबवलं. "पत्रा मी केला. पत्रा म्हणजे कपडे. खालचं हाड गेलंय. त्याला वेल्डिंग धरणार नाही, धरलं तरी भरवसा नाही. ही गाडी माझ्याकडे कार्यशाळेत आली असती, तर मी मार्गावर सोडली नसती. पन्नास अनोळखी माणसं बसायची होती तेव्हा सोडली नसती. आता तर माझ्या नाती बसायच्या आहेत."

"मग कमानी कशाला केल्यात?" मला रडूच आलं.

"तुला बरं वाटावं म्हणून," ते म्हणाले. "ती चूक झाली. आधी खालचं सांगायला हवं होतं."

माझ्या आठवणीत अण्णांनी चूक झाली असं म्हणण्याचा हा पहिलाच प्रसंग.

त्या रात्री मी नवऱ्याला फ्लिंटची गोष्ट आठवून दिली. आपल्यापासून तासाभरावरचं गाव. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी तिथे फ्लिंट नदीचं पाणी द्यायला सुरुवात झाली. नदीत क्लोराईड जास्त, त्यात रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या मिठाचाही वाटा. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी घेणं बंद केलं, कारण इंजिनचे भाग गंजत होते. गावाला मात्र तेच पाणी आणखी वर्षभर मिळत राहिलं, आणि जुन्या नळांतलं शिसं मुलांच्या पोटात गेलं. लोखंडाने आधीच सांगितलं होतं. ऐकलं नाही ते माणसांनी. नवरा काही बोलला नाही. सकाळी उठून गाड्यांच्या जाहिराती बघत बसला.

ऑगस्टच्या शेवटी मिनीव्हॅन भंगारात दिली. आणखी कुणाला चालवायला विकावी असं मनात आलं होतं, चांगले पैसेही आले असते, कारण कमानी नव्यासारख्या दिसत होत्या. पण खालून जे दिसत होतं ते आम्हाला ठाऊक होतं. मिशिगनमध्ये नंबरप्लेट मालकाकडे राहते, ती पुढच्या गाडीला लावता येते. ट्रक यायच्या आदल्या दिवशी मी ती काढायला बसले. दोन्ही बोल्ट गंजून एकजीव झालेले. अण्णा स्टुलावर बसून सांगत होते, हात लावत नव्हते. तेल सोड. रात्रभर राहू दे. सकाळी हळू टोक. आता पाना लाव, पण जोर नको, आधी थोडा आवळ, मग सोडव. एक बोल्ट सुटला. दुसरा तुटला. "चालायचंच," अण्णा म्हणाले.

ट्रकवर चढताना गाडी स्वतःच्या इंजिनावर चढली. ते बघायला मी बाहेर थांबले नाही, थोरलीने येऊन सांगितलं.

आताची गाडीही जुनीच आहे, पण बर्फ न पडणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यातून आलेली. पैसे द्यायच्या आधी अण्णांनी पुठ्ठा मागून घेतला, खाली शिरले आणि टोकून पाहिलं. विकणारा चकित होऊन बघत राहिला. सगळीकडे ठण्ण. मग नवऱ्याने सही केली.

सप्टेंबरात अण्णा परत गेले. जाताना फ्रीजवर यादी लावून गेले, ती आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे म्हणून इथे देते. हिवाळ्यात पारा शून्याच्या वर गेला की दहा-पंधरा दिवसांनी गाडी खालून धुवायची. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवायची. गंजावर जाड लेप कधी मारायचा नाही, आधी घासायचं. थंडीपूर्वी दरवर्षी खालून तेल मारायचं. मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचं तेल चांगलं, ते सुकत नाही आणि सांध्यात शिरतं. ब्रेकच्या नळ्या वर्षातून एकदा कुणाकडून तरी बघून घ्यायच्या. आणि शेवटची ओळ: वरून काय दिसतं त्यावर जायचं नाही.

परवा फोनवर त्यांनी फराळाचं विचारायच्या आधी विचारलं, "गाडीला तेल लावलंस का?" लॅनोलिनचे डबे आणून ठेवलेत. धाकटीने जाहीर केलंय की नरकचतुर्दशीला पहाटे आधी गाडीचं अभ्यंग होईल आणि मग तिचं. वासाचं उटणं मात्र गाडीला मिळणार नाही. ते रत्नागिरीहून आलेलं आहे आणि मोजकंच आहे.